चौक कुणी लिहिला, गोधडी कुणी शिवली?

मैत्रिणींनो, वारली चित्र नाही असं घर आजकाल शहरात शोधूनच काढावं लागेल. पडद्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर, चहाच्या मगावर, मुलींच्या कुर्त्यांवर, झालंच तर दिवाळीच्या पणत्यांवरसुद्धा ती काडीसारखी माणसं हातात हात घालून गोल नाचत असतात आणि मध्ये एकजण तारपा फुंकत असतो. पाहुणे आले की आपण कौतुकाने सांगतो, "वारली आहे हो!" पण समजा, एखाद्या चौकस पाहुणीने विचारलं, "वारली ते दिसतंच आहे. पण काढलं कुणी?" तर? दुकानाचं नाव सांगता येईल, किंमत सांगता येईल (थोडी कमी करून!). काढणाऱ्या हाताचं नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्या जणींना सांगता येईल.

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. तो आपल्या मोखाड्यापासून निघतो आणि थेट अमेरिकेतल्या अलाबामापर्यंत जातो. तिथल्या काळ्या बायकांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या तीस-चाळीस वर्षांत या प्रश्नाशी जी झटापट केली, ती आपण मुद्दाम समजून घ्यावी अशी आहे. पण आधी मोखाडा.

नाशिकहून त्र्यंबकेश्वर मागे टाकून जव्हारच्या रस्त्याला लागलं की वाटेत मोखाडा येतं. पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. सगळी डोंगरउताराची जमीन. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी पायपीट! मुंबईच्या मैत्रिणींना म्हणून सांगते, तुमच्या नळाला पाणी देणारं मध्य वैतरणा धरण याच तालुक्यात आहे. नाचणी, वरई, थोडंफार भात एवढं पिकतं. ते सरलं की दिवाळीनंतर कितीतरी घरांना कुलूप लागतं आणि माणसं पोराबाळांसकट भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशी ही वस्ती.

या टापूत, म्हणजे जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या भागात, वारल्यांच्या घरी लग्न निघालं की आधी भिंत तयार होते. कारवीच्या काड्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा लेप, त्यावर गेरू. तांदूळ वाटून पाण्यात कालवायचे, बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याचा कुंचला करायचा, आणि मग सवाशिणी चौक घालायला बसतात. हा चौक म्हणजे आपल्या पडद्यावरचा नाच नव्हे बरं का! मधोमध चौकट, चौकटीभोवती नक्षीच्या ओळींवर ओळी, आणि आत पालघाट देवी, जिच्यामुळे झाडं-पिकं वाढतात आणि घरं भरतात ती. शेजारी पंचशिऱ्या देव, भोवती झाडं, चंद्र-सूर्य, फणी, शिडी. हा चौक झाल्याशिवाय लग्न लागत नाही. आणि ते लावणारीही बाईच असते! तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणत जाते आणि गाण्यागाण्याने लग्न पुढे सरकतं. आपल्याकडे अंतरपाट धरून मंगलाष्टकं म्हणायला भटजी लागतात आणि बाईने पौरोहित्य केलं की अजून वर्तमानपत्रात बातमी येते. तिथे मात्र ही जुनीच रीत आहे.

आणखी एक गंमत पहा. चौक 'काढला' असं म्हणत नाहीत, चौक 'लिहिला' म्हणतात. जिला अक्षर ओळखता येत नाही, ती बाई भिंतीवर लिहिते. लग्न उरकतं, पावसाळा येतो, भिंत ओलावते, पुन्हा शेणाचा हात फिरतो आणि लिहिलेलं पुसलं जातं. त्याखाली सही नसते. ती असावी असं कुणाला वाटलंही नसेल.

या लग्नचौकाच्या मागे एक काळी बाजूही होती. डहाणू-तलासरी भागात लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून थोडे पैसे उचलले की नवरा आणि त्याच्याबरोबर नवरीही जमीनदाराच्या दारी राबायला जायची. मुद्दल फिटायचं नाही आणि वर्षं मोजली जायची नाहीत. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर तिथे गेल्या, वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. ही सगळी हकीकत त्यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात सांगितली आहे. १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. घरी नसेल तर वाचनालयातून जरूर आणा. लग्नाच्या बोहल्यावरून थेट गुलामीत! अमेरिकेतल्या काळ्या माणसांची गोष्ट आपल्याला फार दूरची वाटते, ती तेवढी दूरची नाही हे त्या पुस्तकावरून ध्यानात येतं.

मग वारली चित्र भिंतीवरून कागदावर आलं कसं? १९६६-६७ साली बिहारमध्ये मोठा दुष्काळ पडला. तेव्हा भास्कर कुळकर्णी नावाचे आपले मराठी चित्रकार मधुबनीला गेले. बायका भिंतींवर चित्रं काढत होत्याच. त्यांनी त्यांच्या हातात कागद दिला, म्हणजे विकून चार पैसे मिळतील. त्यातूनच जगदंबा देवी, सीता देवी, गंगा देवी ही नावं देशाला कळली. तिघींनाही पुढे पद्मश्री मिळाली. सत्तरीच्या सुरुवातीला हेच कुळकर्णी वारली भागात आले आणि त्यांना डहाणूजवळ गंजाडचे जिव्या सोमा म्हशे भेटले. जिव्या रोज चित्रं काढत, लग्न असो वा नसो. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार, २०११ मध्ये पद्मश्री, देशोदेशी प्रदर्शनं. २०१८ साली ते गेले. माणूस थोरच, त्यांच्या थोरवीला कमीपणा आणावा असं माझ्या मनातही नाही. पण मधुबनीत कागद बाईच्या हातात पडला आणि नाव बाईचं झालं. इथे तो पुरुषाच्या हातात पडला आणि नाव पुरुषाचं झालं. ज्या सवाशिणी पिढ्यान् पिढ्या चौक लिहीत आल्या, त्यांच्यातल्या एकीचं तरी नाव तुम्हांला-मला ठाऊक आहे का?

नेमका हाच प्रश्न १९७४ साली अमेरिकेत एका तिशीतल्या बाईला पडला. अ‍ॅलिस वॉकर तिचं नाव. जन्म १९४४, जॉर्जिया राज्यात. आईबाप दुसऱ्याच्या जमिनीवर बटाईने राबणारे. तिथल्या एका मासिकात, तेही आपल्या या मासिकासारखंच बायकांचं, तिने एक लेख लिहिला. आपल्या आज्या-पणज्या गुलाम होत्या, दिवसभर कापूस वेचत होत्या. त्यांच्यात कुणी कवयित्री, कुणी चित्रकार असेल तर तिने करायचं काय, असा तिचा सवाल. दक्षिणेतल्या कित्येक राज्यांत गुलामांना लिहावाचायला शिकवणं हा गुन्हा होता. लेखणीला बंदी, पण सुईला नव्हती. वॉशिंग्टनच्या मोठ्या संग्रहालयात टांगलेल्या एका गोधडीविषयी तिने लिहिलं. अप्रतिम गोधडी, आणि खाली चिठ्ठी काय, तर अलाबामातल्या कुणा अज्ञात काळ्या बाईने शंभर वर्षांपूर्वी शिवलेली. मग तिला स्वतःची आई आठवली. दिवसभर राबून आलेली आई, पण जिथे राहील तिथे दाराशी अशी बाग फुलवायची की परके लोक फांद्या मागायला यायचे. आईची कला ही, आणि आपण ती इतकी वर्षं पाहून न पाहिल्यासारखी केली, असं तिचं म्हणणं.

हीच आई महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकून मुलीला तीन वस्तू घेऊन देते. शिवणयंत्र, प्रवासाची बॅग आणि टंकलेखन यंत्र! स्वतःचे कपडे स्वतः शिव, बाहेरचं जग बघ, आणि लिही. आठवड्याला वीस डॉलरही न मिळवणाऱ्या बाईची ही समज. आपण मुलींना रुखवतात काय काय देतो ते आठवून पहा.

गोधड्यांवरच वॉकरने १९७३ मध्ये एक कथा लिहिली होती, ती सांगितल्यावाचून राहवत नाही. खेड्यात एक आई, दोन मुली. थोरली शिकून शहरात गेलेली, धाकटी भाजलेली, बुजरी, घरीच. थोरली माहेरी येते आणि आजीच्या हातच्या गोधड्या मागते. तिला त्या भिंतीवर टांगायच्या आहेत. आईने त्या धाकटीला लग्नात द्यायच्या म्हणून ठेवलेल्या. थोरली चिडते, 'ही तर रोज पांघरून फाडून टाकेल!' धाकटी म्हणते, नेऊ दे तिला, मला आजी गोधडीशिवायही आठवते. आणि आई गोधड्या थोरलीच्या हातातून काढून धाकटीच्या मांडीवर ठेवते. वाचताना आपण आईच्या बाजूचे होतो. मला मात्र थोरलीचाही पुरता राग येत नाही. कुणीतरी गोधडी भिंतीवर टांगली म्हणून तर ती कला आहे हे जगाला कळलं! खरी अडचण टांगण्याची नाहीच, टांगताना खाली नाव काय लिहिता याची आहे.

आणि दाम किती देता याचीही. हॅरिएट पॉवर्स ही जॉर्जियातली बाई, जन्म १८३७, गुलामीतच. बायबलातल्या गोष्टी तिने कापडाचे तुकडे जोडून गोधडीवर मांडल्या आणि १८८६ च्या सुमारास ती एका जत्रेत ठेवली. तिथल्या एका चित्रकलेच्या शिक्षिकेला ती फार आवडली, पण पॉवर्स विकेना. पुढे घरात चणचण आली तेव्हा तिने स्वतःच निरोप पाठवला, दहा डॉलर सांगितले आणि पाचावर सौदा झाला. नंतर ती बाई आपली गोधडी पाहायला त्या शिक्षिकेकडे येत असे. लेक सासरी दिल्यासारखी! आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि पॉवर्सच्या नावाने आहे, कारण त्या शिक्षिकेने नाव आणि प्रत्येक चौकोनाचा अर्थ लिहून ठेवला होता. किंमत अर्धी दिली, पण नाव राखलं. दोन्हीचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

आता अलाबामातलं जीज बेंड हे गाव पहा, म्हणजे मोखाड्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेलं, एकच धड रस्ता, पूर्वीच्या गुलामांचे वंशज, आणि अर्ध्या गावाचं आडनाव पेटवे, कारण जुन्या मालकाचं आडनाव तेच. थंडी मोठी, घरं फटींची. म्हणून बायका कामाच्या कपड्यांच्या, पोत्यांच्या, हाताला येईल त्या चिंध्यांच्या गोधड्या शिवत. १९४२ च्या सुमारास मिझूरी पेटवे या बाईचा नवरा वारला. तिने मोठ्या मुलीला, अर्लोंझियाला, हाताशी घेतलं, नवऱ्याचे शेतात वापरून विटलेले कपडे उसवले आणि त्यांची गोधडी केली. म्हणजे तो आठवेल आणि मायेनं पांघरता येईल. गुडघ्यांवरचे झिजलेले भाग तसेच, खिसा उसवला तिथला गडद चौकोन तसाच. आपल्याकडेही गेलेल्या माणसाचं धोतर, आईचं लुगडं गोधडीच्या आतल्या थरात घालतात ना? तेच. ही गोधडी आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनात आहे.

साठीच्या दशकात तिथे मतदानाच्या हक्काची चळवळ सुरू झाली. जीज बेंडची माणसं नदीपलीकडच्या कॅमडेन गावी मतदार म्हणून नाव नोंदवायला जाऊ लागली, तर १९६२ मध्ये पलीकडे नेणारी नावच बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडलं! १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथे येऊन गेले. १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. बी म्हणजे बायकांनी एकत्र बसून शिवायचं, आपण पापड लाटायला जमतो तसं. न्यूयॉर्कच्या बड्या दुकानांकडून मागण्या आल्या, रोजी मिळू लागली. पण दुकानाला शंभर नग एकसारखे हवे, आणि या बायकांची प्रत्येक गोधडी निराळी. आपल्या लिज्जतच्या पापडाला एकसारखेपणा शोभतो. गोधडीचं तसं नाही. पुढे २००२ मध्ये ह्यूस्टनला आणि मग न्यूयॉर्कला त्यांच्या गोधड्यांचं प्रदर्शन भरलं, तेव्हा मोठमोठे समीक्षक चकित झाले. २००६ मध्ये टपालाची तिकिटं निघाली. यावेळी प्रत्येक गोधडीखाली नाव होतं. अ‍ॅनी मे यंग, लोरेटा पेटवे, मेरी ली बेंडॉल्फ. तरी २००७ मध्ये काही जणी कोर्टात गेल्या. नक्षी आमच्या, त्यांच्यावर इतरांनी मिळवलेल्या पैशाचा हिशेब द्या म्हणाल्या. २००८ मध्ये तडजोड झाली. नाव मिळालं म्हणजे दाम मिळतोच असं नाही, हे त्या जाणत होत्या.

त्याच काळात या बायका पुस्तकांतूनही बोलू लागल्या. टोनी मॉरिसन प्रकाशनसंस्थेत नोकरी करायची, दोन मुलं एकटीने वाढवायची आणि ती उठायच्या आत पहाटे लिहायची. १९७४ साली तिने काळ्या लोकांच्या जुन्या कात्रणांचं, फोटोंचं, जाहिरातींचं एक पुस्तक संपादित केलं. त्या शोधात सापडलेल्या एका गुलाम आईच्या बातमीवरून तिने 'बिलव्हेड' ही कादंबरी लिहिली, १९८७ मध्ये. १९९३ चं नोबेल तिला मिळालं. वॉकरला १९८३ मध्ये पुलित्झर मिळालं होतं. फेथ रिंगगोल्ड तर शिकलेली चित्रकार, पण १९८० मध्ये तिने पहिली गोधडी केली ती आईला बरोबर घेऊन. आई कपडे शिवण्यात तरबेज. नंतर तिने गोधड्यांवर गोष्टीच लिहिल्या, चित्राच्या कडेने अक्षरं.

आपल्याकडे या वाऱ्याची झुळूक आली नाही असं नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावच मुळी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. पण मला त्याहून मोठी वाटते ती फलटणची बेबी कांबळे. किराणा दुकान सांभाळताना पुड्या बांधायच्या रद्दीतलं वाचायचं, वह्या नवऱ्यापासून लपवायच्या, असं वर्षानुवर्षं. १९८२ मध्ये 'स्त्री' मासिकात ते लेखन क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये 'जिणं आमुचं' हे पुस्तक झालं. उर्मिला पवारांनी तर २००३ च्या आत्मचरित्राला 'आयदान' हेच नाव दिलं. आयदान म्हणजे बांबूच्या कामट्यांच्या वस्तू. आई सुपं-टोपल्या विणायची, मुलगी लिहायची, वीण एकच.

मोखाड्याची सवाशीण मात्र अजून बिननावाची आहे. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे कुणीही कुठेही छापून 'वारली' म्हणून विकू नये. चांगलं झालं. पण त्याने नाव राखलं जातं जमातीचं, हात राखला जात नाही. आता वारली बायकाही कागद-कापडावर चित्रं काढू लागल्या आहेत, जव्हारकडेही. तेव्हा पुढच्या वेळी खरेदी करताना थोडं चौकस व्हा. छापील कापड घेत असाल तर ते छापील आहे हे समजून घ्या; त्यात गुन्हा नाही, पण ते हाताच्या कामाच्या भावाने घेऊ नका. हाताचं चित्र असेल तर सही कुठे ते पहा. नसेल तर विक्रेत्याला नाव-गाव विचारा आणि चौकटीच्या मागे लिहून ठेवा. प्रत्यक्ष काढणारीकडूनच घेत असाल तर घासाघीस बेताने. साडीच्या दुकानात ती खुशाल करा, तिथे दुकानदाराने आधीच चढवून सांगितलेली असते! आणि तिला चौकाबद्दल विचारा. चौकटीतली अमुक ओळ कशाची, फणी का, शिडी का. माहेरी कुणाकडून शिकलीस. धवलेरीची गाणी तुमच्याकडे अजून कोण म्हणतं. या गाण्यांची गत भिंतीवरच्या चौकासारखीच आहे, गाणारी गेली की पुसली जातात. आणि पोरी जर सहा महिने वीटभट्टीवर असतील तर ती शिकणार कधी?

आता आपल्या घरचं. माळ्यावर, पलंगाच्या पेटीत सासूबाईंच्या नाहीतर आईच्या हातची एखादी गोधडी असेलच. यंत्रात घालून पिळू नका, जुना धावदोरा तुटतो. साध्या साबणाच्या पाण्यात बुडवून, हलक्या हाताने दाबून, सावलीत पसरून वाळवा. वाळली की मागच्या बाजूला कोपऱ्यात दोन बोटं रुंदीचा पांढरा मांजरपाटाचा तुकडा टाचा. त्यावर पेनाने लिहू नका, शाई धुण्यात जाते. पक्क्या रंगाच्या दोऱ्याने उलटी टीप घालून नाव भरा. 'अमक्याची आई' असं नको, तिचं स्वतःचं नाव, गाव आणि ठाऊक असेल तर साल. कुठल्या लुगड्याचा कुठला तुकडा, ते सांगणारं कुणी घरात असेल तर आजच विचारून घ्या.